दाणे टाकणं म्हणजे कबुतर पाळणं नव्हे

सोमवारी सकाळी सात वीसला भाच्याचा फोन आला. "मावशी, सोडली. आठच्या आठ वर गेली. दोन घिरट्या मारल्या नि निघाली बघ." तो बेळगावात नोकरीला आहे. रविवार घरी काढून सोमवारी पहाटे निघतो आणि जाताना गाडीच्या मागच्या सीटवर माझी वेताची पेटी ठेवतो. मी गॅस बंद केला, चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले. दुसऱ्या हातात डालड्याचा जुना डबा, त्यात मूठभर ज्वारी. हा डबा उघडायचा नसतो, नुसता खुळखुळायचा असतो.

कोल्हापूर ते बेळगाव रस्त्यानं एकशे दहा किलोमीटर. आकाशातून मोजलं तर शंभराच्या आत. वारा पाठीशी असला तर सव्वा तास, तोंडावर असला तर पावणेदोन. म्हणजे साडेआठपर्यंत कुणी येणार नाही हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी आठ वाजल्यापासून मी कळंब्याच्या दिशेला डोळे लावून बसते. घारी दिसतात, बगळ्यांची रांग दिसते, गल्लीतल्या साध्या पारव्यांचा थवा उगाच दोनदा काळजात धस्स करून जातो. मग आठ सत्तेचाळीसला दक्षिणेकडून तीन ठिपके. घार तरंगत येते, कावळा वल्हवत येतो. घरी येणारं होमर जातीचं कबुतर एका रेषेत येतं, पाण्याच्या टाक्यांना खेटून, जणू त्याला कुणी दोरीनं ओढतंय. गच्चीवर आल्यावर पंख अर्धे मिटून ते खाली सुटतं तेव्हा मांजरपाट टरकावल्यासारखा आवाज होतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी गेली तीस वर्षं सकाळचा चहा गार करून पिते.

उतरल्यावर ते माझ्याकडे बघतही नाही. आधी पाणी. चिमणी, कोंबडी घोट घेतात आणि मान वर करून गिळतात. कबुतर तसं करत नाही. चोच बुडवून, मान खालीच ठेवून, गाय पिते तसं ओढून पितं. पाणी पिताना गळ्यावरची हिरवी-जांभळी पिसं हलतात. मग ते ढाबळीच्या तारा ढकलून आत जातं. आत ढकलता येणाऱ्या आणि बाहेर न उघडणाऱ्या त्या लोंबत्या तारा माझ्या वडिलांनी, आबांनी, १९६८ साली स्वतःच्या हातानं वाकवल्या होत्या. नऊपर्यंत सात पाखरं आली. आठवं, पांढऱ्या पिसाचं, साडेअकराला आलं. ढाबळीवर टांगलेल्या वहीत मी वेळ लिहिली आणि मगच भाजी फोडणीला टाकली.

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे आमच्या मागच्या नव्या इमारतीतली चार मंडळी गेल्या महिन्यात घरी आली होती. हातात वर्तमानपत्राचं कात्रण आणि तक्रारीचा कागद. "बाई, राग मानू नका, पण तुमची कबुतरं बंद करा. मुंबईत काय झालं वाचलंत ना?" वाचलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, माणसं रस्त्यावर उतरली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला श्रद्धा आणि भूतदया, दुसऱ्या बाजूला फुप्फुसं. माझं मत विचाराल तर कबुतरखाने बंद झाले ते बरंच झालं. आणि मी हे अठरा कबुतरं पाळणारी बाई म्हणून सांगते आहे.

दाण्याची पिशवी रस्त्याच्या मधोमध रिकामी करून पुढच्या गाडीत बसणाऱ्या माणसाला कबुतर माहीत नसतं. त्यातलं कुठलं आजारी आहे, कुणाची मान वाकडी झाली आहे, कुणाच्या पायाला दोरा गुंडाळून बोटं गळायला आली आहेत, हे त्यानं पाहिलेलं नसतं. आयता दाणा अखंड मिळत राहिला की हे पाखरू वर्षभर अंडी घालतं. मग त्या हजारोंची विष्ठा कुणाच्या खिडकीवर पडते, ती वाळल्यावर कुणाच्या छातीत जाते, हे तो विचारत नाही. पाळणं म्हणजे मोजणं. संध्याकाळी कडी घालताना आकडा जुळला नाही तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

छातीचं म्हणाल तर ते मला कुणी कात्रण दाखवून सांगायची गरज नाही. आबा गुजरीत सोनारकाम करायचे. मद्रासच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी होमरच्या दोन जोड्या घेतल्या आणि गच्चीवर ढाबळ उभी केली. सोनाराचे हात ते. पाखराचे पाय पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत, अंगठा पाठीवर पंखांवरून, आणि मुठीत इतकं हलकं की कबुतर डोळे मिटून घ्यायचं. पण रोज सकाळी ते कोरड्या खराट्यानं ढाबळ झाडायचे, तोंडाला काही न बांधता. उन्हाच्या तिरिपेत पांढरी भुकटी तरंगायची. लहानपणी मला ती धूळ फार सुंदर वाटायची. १९९३ च्या सुमाराला त्यांना संध्याकाळी कणकण, कोरडा खोकला, जिना चढताना धाप सुरू झाली. दम्याची औषधं झाली, आणखी कसली कसली झाली. ते आठ दिवस माझ्या मामाकडे गारगोटीला राहायला गेले की बरे व्हायचे, परत आले की पुन्हा तेच. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी फोटो बघता बघता विचारलं, "घरात पक्षी आहेत का हो?"

कबुतराच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या भुकटीत जी प्रथिनं असतात ती वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींच्या फुप्फुसाला सूज येते, आणि वेळेत थांबलं नाही तर तिथं कायमचे व्रण राहतात. सगळ्यांना होत नाही. आबांना झालं. डॉक्टरांनी ढाबळीची पायरी चढायला मनाई केली. त्यानंतरची पाच वर्षं आबा रोज संध्याकाळी खालच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे, मी वरून आकडा सांगायची. "सोळा, आबा." मग ते उठून घरात जायचे. एखाद्या दिवशी "पंधरा" म्हटलं की अंधार पडेपर्यंत खुर्ची हलायची नाही.

म्हणून माझ्या ढाबळीत कोरडा खराटा चालत नाही. आधी पाणी शिंपडायचं, मग पत्र्याच्या उलथन्यानं खरवडायचं, तोंडाला मास्क, अंगावर वेगळा झगा, तो वरच धुवायचा. खरवडलेलं सगळं झाकणाच्या पिंपात, तिथून गुलाबाला आणि कडीपत्त्याला. पाखरं वीसच्या वर जाऊ द्यायची नाहीत; अंडी जास्त झाली की काढून त्या जागी लाकडी अंडी ठेवायची. ढाबळ शेजारच्या खिडक्यांपासून लांबच्या कोपऱ्यात, आणि पाखरं सकाळ-संध्याकाळ उडवून परत आत. त्या चौघांना मी हे सगळं वर नेऊन दाखवलं. त्यातल्या एका बाईंची नात दम्याची आहे. त्यांच्या शंकेला माझ्याकडे राग नाही, उत्तर आहे, आणि ते उत्तर रोज सकाळी सहा वाजता द्यावं लागतं. महापालिकेनं माझ्यासारख्यांची नोंद करावी, पाखरांची मर्यादा ठरवून द्यावी, वर्षातून दोनदा कुणी तरी येऊन ढाबळ तपासावी, नियम मोडणाऱ्याची उचलून न्यावी. मी पहिला अर्ज भरीन. पण रस्त्यावर दाणे ओतणारा आणि ढाबळवाला यांना एकाच मापानं मोजू नये, एवढंच माझं मागणं आहे.

कारण या छंदात जे सुख आहे ते दुसरीकडे कुठं मिळतं मला माहीत नाही, आणि ते गरिबालाही परवडतं. बेल्जियममधली न्यू किम नावाची मादी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये १६ लाख युरोंना विकली गेली तेव्हा बरेच जण मला विचारत होते, बाई, तुमच्याकडची एखादी केवढ्याला जाईल? आमच्याकडे मद्रास-बंगळूरला शर्यतींचे मोठे क्लब आहेत, तिथं पाचशे-हजार किलोमीटरवरून पाखरं सोडतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण पैजेवर पाखरं लावणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे उशिरा आलेल्या पाखराला दाणा मिळत नाही, काही वेळा त्याहून वाईट होतं. साडेअकराला आलेलं माझं पांढऱ्या पिसाचं पाखरू शर्यतीत शून्य किमतीचं. त्याच्या छातीवर ओरखडा होता. वाटेत शिक्रा नाही तर ससाणा मागे लागला असणार. चार तासांत ते जीव वाचवून आलं आणि पाणी पिऊन थेट आपल्या अंड्यांवर जाऊन बसलं. त्याला मी काय म्हणून हरलेलं समजू?

अंड्यांचं सांगायला हवं. कबुतराची मादी पहिलं अंडं संध्याकाळी घालते, मधला एक दिवस सोडून दुसरं दुपारी. दोनच. मग नवरा-बायकोची पाळी लागते. सकाळी दहाच्या सुमाराला नर येतो, मादीला चोचीनं हलकेच ढोसतो, ती उठते, तो बसतो. चार-साडेचारला ती परत. मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, अकरा ते पाच. या नराइतका वेळेवर हजर राहणारा शिक्षक मी कमी पाहिला. पाचव्या दिवशी अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरलं की आत तांबडा कोळी बसल्यासारखा दिसतो. मधे ठिपका, भोवती शिरांचे पाय, आणि तो ठिपका हलत असतो. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. आंधळं, पिवळ्या विरळ लवेचं, अंगाच्या मानानं चोच भलतीच मोठी. पहिले काही दिवस त्याला दाणा चालत नाही. आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्याच्या कवडीसारखं काही तरी तयार होतं, ते पिल्लाच्या चोचीत उतरवलं जातं. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. बापाला दूध येतं हे मी सातवीच्या वर्गात सांगायची तेव्हा पोरं खिदळायची. मग एखादं पोर मधल्या सुट्टीत येऊन हळूच विचारायचं, "बाई, खरंच?"

सातव्या दिवशी पिल्लाच्या पायात कडी घालायची. पुढची तीन बोटं एकत्र धरून कडीतून ओवायची, मागचं बोट पायाला चिकटवून धरायचं, कडी वर सरकवायची आणि मागचं बोट अलगद सोडवून घ्यायचं. दहा दिवस होऊन गेले तर पाऊल मोठं होतं, कडी चढत नाही. चढली की जन्मभर निघत नाही. तिच्यावर वर्ष आणि नंबर. वहीत त्या नंबरापुढे मी आई-बापाचे नंबर लिहिते, आबा लिहायचे त्याच रकान्यांत.

आणि मग घर शिकवायचं. नव्या पिल्लाला जाळीच्या पेटीत गच्चीवर ठेवायचं, आठ दिवस नुसतं आभाळ बघू द्यायचं. मग भुकेल्या पोटी सोडायचं, पोट भरलेलं पाखरू उंडारतं. दिवाळीनंतर पाऊस पुरता ओसरला, पंचगंगेवरचं धुकं सकाळी विरायला लागलं, की टोपली बाहेर निघते. आधी कागल, मग निपाणी, मग तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वर, मग बेळगाव. टप्प्याटप्प्यानं. घाट हा कस असतो. पलीकडून सोडलेल्या पाखराला निपाणीची ओळखीची माळरानं दिसत नाहीत, त्याला दुसऱ्याच कशाच्या तरी आधारानं निघावं लागतं.

कशाच्या? भूगोलाच्या बाईला हा प्रश्न आयुष्यभर पुरला. जर्मनीच्या गुस्ताव क्रामर यांनी दाखवलं की पाखरू सूर्याकडे बघून दिशा धरतं, आणि सूर्य सरकतो त्याचा हिशेब अंगातल्या घड्याळानं करतं. अमेरिकेच्या विल्यम कीटन यांनी १९७१ मध्ये कबुतरांच्या पाठीवर चुंबकाच्या पट्ट्या बांधल्या. उन्हाच्या दिवशी ती नीट घरी गेली, ढगाळ दिवशी त्यांतली बरीच भांबावली. पितळेच्या पट्टीवाल्यांना काही झालं नाही. म्हणजे सूर्य नसला तर पृथ्वीचं चुंबकत्व. इटलीत पिसाच्या फ्लोरियानो पापी यांनी वासाचा मुद्दा मांडला, वाऱ्यावर येणाऱ्या गंधांवरून पाखरू आपली जागा ओळखतं म्हणून. त्यावर अजून वाद आहे. मला तो मुद्दा फार पटतो. जानेवारीत कोल्हापूरवर गुऱ्हाळांच्या काकवीचा वास पसरलेला असतो. त्या वासावर मीसुद्धा डोळे मिटून घरी येईन.

आबा मात्र म्हणायचे, "पाखरं हायवेनं येत्यात." मी कॉलेजात शिकणारी, मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी त्यांना सूर्य आणि चुंबक समजावून सांगायची, ते हं हं करत ऐकायचे. २००४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की ओळखीच्या मुलखात कबुतरं खरोखरच मोठ्या रस्त्यांच्या कडेनं उडतात, थोडं लांब पडलं तरी, आणि चौकात वळतातसुद्धा. ती बातमी मी वाचली तेव्हा आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. कात्रण कापून मी त्यांच्या वहीत चिकटवलं आहे.

या पाखरांनी माणसाची कामंही केली आहेत. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली सैन्याकडून आलेल्या कबुतरांवर टपाल सुरू केलं. १३ एप्रिल १९४८ ला पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला निरोप धाडला तो कबुतराच्या पायाला बांधून. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा-खांब आडवे झाले तेव्हाही ही पाखरं उडाली. वर्गात मी हे सांगितलं की मुलं पहिला प्रश्न विचारायची, "मग उत्तर घेऊन परत जायचं का?" नाही जायचं. होमर फक्त घरी येतं. निरोप्याला आधी पेटीत घालून तिकडे न्यावं लागतं. त्याला जगात एकच पत्ता पाठ असतो.

तो किती पाठ असतो हे मला सांगलीच्या एका ओळखीच्यांनी दाखवलं. त्यांना हौस होती म्हणून मी एक मोठी, उडालेली तांबडी मादी दिली. त्यांनी तिला चांगली मोठी खोली दिली, नर दिला, दीड महिना आत ठेवली. अंडी झाली तेव्हा त्यांना वाटलं, रमली. एका सकाळी बाहेर सोडली. तासाभरात ती माझ्या गच्चीवर येऊन डालड्याच्या डब्याशेजारी बसली होती. तेव्हापासून मोठं पाखरू कुणाला द्यायचं नाही हा माझा नियम आहे. द्यायचं तर आभाळ न पाहिलेलं पिल्लू.

सगळी येतातच असं नाही. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात माझा राखी पट्टेवाला नर घरापासून दोन गल्ल्यांवर, विजेच्या खांबाला लटकलेला सापडला. नायलॉनचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच देशभर बंदी घातलेला. संकेश्वरहून पन्नास-साठ किलोमीटर कापून आलेलं पाखरू घराच्या दोनशे पावलांवर अडकलं होतं, आणि मी गच्चीवर डबा वाजवत उभी होते. लाईनमननं शिडी लावून ते उतरवून दिलं. पंखाचं हाड दिसत होतं. त्या दिवसापासून संक्रांतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा मी ढाबळीची कडी काढत नाही. कबुतरांची विष्ठा नको म्हणून माझ्याकडे जितके लोक आले, त्याच्या निम्मे जरी मांजा विकणाऱ्याच्या दारात गेले असते तर!

अकबर बादशहा कबुतरं उडवण्याला इश्कबाजी म्हणायचा, असं अबुल फजलनं आइन-इ-अकबरीत लिहून ठेवलं आहे. त्याच्याकडे वीस हजारांवर होती म्हणे. मला अठरा पुरतात. अठरांची तोंडं वेगळी ओळखता येतात.

तक्रारीचा कागद घेऊन आलेल्या चौघांबरोबर त्यांच्यापैकी एकाचा मुलगा होता, सहावीतला. मोठी माणसं पिंप आणि मास्क बघत होती तेव्हा तो जाळीला नाक लावून उभा होता. दोन दिवसांनी एकटाच आला. एक हवं म्हणाला. मी त्याला सांगितलं, आधी घरी विचार, मग आईला घेऊन ये, मग एक पेटी कर, ती कशी करायची मी दाखवते, आणि तोवर थांब. त्याच्या आईनं दोन अटी घातल्या, मास्क आणि परीक्षेत सत्तर टक्के. पांढऱ्या पिसाच्या नराची जी अंडी आहेत, त्यातलं एक त्याचं. सोमवारी ज्यावर तो धापा टाकत येऊन बसला, तेच.

रोज शाळेतून येताना पोरगं खालूनच ओरडतं, "बाई, किती दिवस राहिले हो?" वही त्याच्याकडेच दिली आहे, तारखेपुढे तो रेघा मारतो. आज सतरावा दिवस. सकाळी मी नराला जरा सरकवून पाहिलं, तर एका अंड्याच्या रुंद टोकाकडे बारीक चांदणीसारखा तडा गेला आहे. कानाशी धरलं तर आतून टक्, टक् ऐकू येतं. मी ते परत ठेवलं आणि आज पाच वाजायच्या आधीच जिन्याचं दार उघडं करून ठेवलं आहे.